साफ केलेलं कार्ड

२१ ऑक्टोबर २०२३, शनिवार

अंगदराव येऊन गेले. बजाजनगरहून उस्मानपुऱ्याला यायला सव्वा तास लागला म्हणे. रस्ता रुंद करायचं काम चाललंय आणि रस्ता रोज अरुंद होतोय! जावई घरी आलेले, आणि नळाला पाणी नाही, आज आठवा दिवस. आवडानं शेजारून कळशी आणली, तरी चहात पाणी कमी आणि दूधच जास्त घातलं. अंगदरावांना वाटलं, सासूनं लाड केले.

त्यांनी एक कार्ड आणलंय. तळहाताएवढं. त्यावर एका फिरकी गोलंदाजाचं चित्र. तीस वर्षांमागं च्युइंगमच्या पाकिटात निघायचं, पोरं गम खाऊन कार्ड फेकून द्यायची. आता मोठी माणसं ती जपतात, विकतात, त्यावरून भांडतात! हे कार्ड अमेरिकेला जाणार. तिथं एक कंपनी आहे. तिथली माणसं भिंगाखाली धरून बघतात. चित्र मधोमध छापलंय का, कोपरे टोकदार आहेत का, कडा झिजल्यात का, तोंडावर ओरखडा आहे का. मग दहापैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. याला ग्रेडिंग म्हणतात.

"आणि गुण मिळाल्यावर काय?" आवडानं विचारलं.

"मामी, मग ते कुणीही न तपासता घेतं. विश्वास त्या डबीवर असतो."

"बाई! आमच्या लग्नाच्या वेळी अशी डबी निघायला पाहिजे होती," माझ्याकडं बघून म्हणाली. अंगदरावांना हसू आवरेना. मीही हसलो. काय करता!

अंगदराव वाळूजच्या कारखान्यात तपासणीला आहेत. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत करतात. इथल्या, जालन्याच्या, बीडच्या मिळून वीस-बावीस जणांची कार्डं तेच गोळा करतात आणि एका पार्सलात पाठवतात. मोबाइलवर त्यांचा ग्रुप आहे. "तिथं माझा शब्द चालतो, मामा," म्हणाले. बरं वाटलं. आमच्या लेकीला, ज्ञानूला, चांगलं घर मिळालं.

हे कार्ड त्यांनी सांडूकडून घेतलंय. छावणी भागातला रद्दीवाला सांडू — माझाच गावाकडचा सांडू! बहात्तरच्या दुष्काळात आमच्या दोघांच्याही घरची मेंढरं संपली, तेव्हा एकाच दिवशी गाव सोडलं. मी छापखान्यात बायंडिंगला चिकटलो, तो रद्दीत. त्याला एका बंगल्याच्या सामानात जुनी वही मिळाली, तिच्यात हे कार्ड होतं.

मला काम दिलंय. सगळी कार्डं नीट बसतील अशी पुठ्ठ्याची भक्कम पेटी करायची. माप घ्यायला हे कार्ड ठेवून गेलेत. जाताना दोनदा म्हणाले, "कडेला धरा, मामा. बोट चित्रावर नको."

२२ ऑक्टोबर

पेटी झाली. आतून मखमली कागद लावला. खळ घरीच शिजवली, बाजारातल्या डिंकावर माझा भरवसा नाही.

मधे मधे कार्ड बघत होतो. चित्र सुरेख आहे, पण एक गोष्ट डोळ्यात खुपते. उजवीकडचा पांढरा समास डावीपेक्षा जास्त आहे. आणि खालचा एक कोपरा बसका. ज्या कुणी कापलं त्यानं घाई केली. आमच्या छापखान्यात असा माल उस्तादांनी तोंडावर फेकला असता.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी हत्यारं पूजली. पुस्तकं दाबायचा शिकंजा, सुरी, पोलादी पट्टी, टोचा. वाटीभर पाण्यात सगळी पुसून घेतली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. आज त्यांचा आरामाचा दिवस.

दुपारी अंगदरावांचा फोन. "मामा, उद्या सकाळी न्यायला येतो. कार्ड जरा साफ करून पाकिटात घालून ठेवा."

साफ करून! माझ्याशी आमच्याच भाषेत बोलले. बायंडिंगमधे साफ करणं म्हणजे कडा मारणं. पुस्तक शिवलं, पुठ्ठा चढायच्या आधी तीन बाजू सुरीनं साफ करायच्या. उस्ताद म्हणायचे, साफ न केलेलं पुस्तक म्हणजे केस न विंचरता दारात उभी राहिलेली पोरगी.

दिवस मावळायच्या आत कामाला बसलो. सुरीवरचं कुंकू पुसलं. आज उचलायला नको होती, पण उद्या ते येणार. पट्टी लावली. सुरी टेकवली आणि हात जरा थांबला. मग ओढली. उजवीकडून पाव सूत, म्हणजे जेमतेम मिलिमीटर, खालून पाव सूत. एका दमात. चित्र असं मधोमध आलं की बघत राहावं! कोपरा सुईसारखा.

चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं बांधली. कुणी दहापैकी गुण दिले नाहीत. आता माझ्या हातचा कट भिंगाखाली जाणार.

२४ ऑक्टोबर, दसरा

अंगदराव आणि ज्ञानू आले. सोनं दिलं, पाया पडले. मी कार्ड पाकिटात घालून पेटीत ठेवलं होतंच. त्यांनी उघडून पाहिलं नाही. "तुम्ही केलंय म्हणजे बघायचं काय?" म्हणाले.

मीही काही बोललो नाही. म्हटलं, निकाल येईल तेव्हाच कळू दे.

६ नोव्हेंबर

पार्सल गेलं. पाणी अजून नाही. तालुका दुष्काळी जाहीर झाला म्हणे.

१८ डिसेंबर

नाक्यावरच्या चहावाल्याला सांगितलं, माझ्या हातचं काम अमेरिकेला तपासायला गेलंय. तो म्हणाला, "चचा, व्हिसा लगा क्या छुरी को?" सगळे हसले. मला राग आला नाही.

ज्ञानूला विचारलं, निकाल कधी? "आबा, बोर्डाची परीक्षा आहे का ती!"

९ मार्च २०२४, शनिवार

आलं.

ज्ञानूचा फोन. आवाज दबका. "आबा, बाकीच्या सगळ्यांना गुण मिळाले. आपल्या कार्डाला नाही."

"म्हणजे नापास?"

"नापास असतं तर बरं. आकडाच नाही दिला. नुसता एक शब्द छापलाय. ऑल्टर्ड. म्हणजे फेरफार केलेलं. मापात कमी भरतंय म्हणे, कडा कापलीय."

मागून अंगदरावांचा आवाज आला, "कुणीतरी कापलंय, मामा! मी नख लागू दिलं नव्हतं त्याला!"

फोन ठेवला. आवडानं विचारलं काय झालं, तर म्हटलं, काही नाही, निकाल लागला.

फेरफार. तहसीलच्या फेरफाराच्या वह्या मी ढिगानं बांधल्यात. पुठ्ठ्यावर त्या नावाची चिठ्ठी मीच चिकटवायचो. ह्या शब्दाचा अर्थ मला कुणी सांगायला नको.

१० मार्च

अंगदराव डबी घेऊन आले. जेवलेले नव्हते, जेवा म्हटलं तर नको म्हणाले. कंपनीनं निकाल सगळ्यांना दिसेल असा ठेवलाय, म्हणून ग्रुपात बोभाटा झालाय. एकानं लिहिलं, "आमची कार्डंही ह्यांच्याच हातातून जातात, ती तरी धड आली का?" कार्ड कापून चित्र मधोमध आणायचं आणि गुण लाटायचे — ही ह्या लोकांत सगळ्यात मोठी चोरी. ज्याच्यावर शिक्का बसला त्याच्याशी कुणी व्यवहार करत नाही.

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

"मामा, माझ्याआधी ते सांडूमामांकडं होतं. माझ्याकडं कपाटात बंद. मधे तीन दिवस फक्त तुमच्याकडं." आणि स्वतःच हसले. "आता तुमच्यावर काय शंका घेणार!"

मी पण हसलो. हसलो मी.

१३ मार्च

साफ म्हणाले होते. त्यांच्याच तोंडचा शब्द. माझ्या जागी कुणीही बायंडर असता तर त्यानं हेच केलं असतं. सांगायला अगदी सोपं आहे.

पण कडेला धरा असं दोनदा म्हणालेला माणूस कड कापायला सांगेल का? हात थांबला होता तो त्याच्यासाठीच. इथं दुसरं कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. मला माझा कट डबीत बघायचा होता.

१७ मार्च, रविवार

आज जे झालं ते लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

सकाळी सांडू तणतणत आला. मागोमाग अंगदराव, त्यानंच बोलावून घेतलेले. दारातच सुरू झाला.

"कारभारी, तुझा जावई मला चोर म्हनतो! म्या कापलं म्हनं! अरं, मला कापायचंच असतं तर मी रद्दीत कशाला आलो असतो, खिसे कापले असते!"

"मी चोर म्हणालो नाही," अंगदराव म्हणाले. "तुमच्याकडं आलं तेव्हाच कापलेलं असेल, एवढंच म्हणालो."

"वहीतनं मी माझ्या हातानं काढलं. समास बघितला मी. जास्तच व्हता एका अंगाला. ह्या डोळ्यांनी बघितला."

"डोळ्यांनी माप कळत नाही, मामा."

"मग कळणाऱ्याला इचारू! हा बसलाय ना. आख्खी उमर कागद कापन्यात गेली ह्याची." सांडूनं डबी माझ्या हातात दिली. "सांग कारभारी. कट जुना का नवा? तू म्हनशील ते मला कबूल."

अंगदरावही म्हणाले, "हो मामा, तुम्हीच सांगा. मलाही कबूल आहे."

मी डबी खिडकीपाशी नेली. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. जुनी कड हवेनं पिवळट पडते. आजकालचा कट आतून पांढराशुभ्र दिसतो. दोन बाजू पिवळ्या होत्या. दोन बाजू दुधासारख्या. प्लास्टिकमधूनही ओरडत होत्या.

आवडा चहा घेऊन उभी होती. तिघंही माझ्या तोंडाकडं बघत होते.

"जुनाच दिसतो," मी म्हणालो.

सांडूचा राग एकदम उतरला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तू म्हनतोस तर असंल. मग माझीच नजर चुकली." अंगदरावांकडं वळला आणि त्या माणसानं हात जोडले. माझ्या घरात. "माफ करा, जावई. म्हातारा झालो. खोटा माल गेला माझ्याकडनं."

चहा घेतला नाही. चपला घालताना एकदा डावी-उजवी चुकली.

१८ मार्च

काही लिहायचं नाही.

२२ मार्च

ज्ञानू सांगत होती, ग्रुपात ठराव झाला. छावणीच्या सांडूकडून कुणी कार्ड घ्यायचं नाही. अंगदरावांचं नाव सुटलं. "बरं झालं बाई, वेळेवर उलगडा झाला. तुमच्यामुळं, आबा."

तुमच्यामुळं.

९ एप्रिल, पाडवा

बजाजनगरला जेवायला गेलो. ठरवून गेलो होतो, आज सांगायचं. पहिल्या घासाआधीच सांगायचं म्हणजे जेवण गोड लागेल.

अंगदराव आनंदात. नवीन सोळा जण ग्रुपात आले. पुण्याच्या एकानं लिहिलं म्हणे, "स्वतःच्या सासऱ्याचा जुना मित्र असूनही ह्यांनी खोट्याला पाठीशी घातलं नाही. असा माणूस पाहिजे." वाचून दाखवताना त्यांचा आवाज भरून आला. ज्ञानू ताटात श्रीखंड वाढत होती, तिच्या चेहऱ्यावर असं तेज, की बापानं बघत राहावं.

मी श्रीखंड मागून घेतलं. जेवण बरं झालं, म्हणालो. येताना रिक्षात आवडा म्हणाली, "तुम्हाला गोड चालत नाही, माहीत असून दोनदा घेतलं. कुणाला दाखवत होता?"

१४ एप्रिल

कारभारी हे नाव बापानं कशाला ठेवलं असेल! कारभार बघणारा म्हणे.

२६ एप्रिल

छावणीत गेलो. नुसता लांबून बघून येणार होतो. सांडूच्या बायकोनं, भामाबाईनं बघितलं आणि हाक मारली, "भाऊजी, उन्हात का हुबे? या की सावलीला!"

त्यांच्या गल्लीत टँकर पाच दिवसांनी येतो. रांजणाच्या तळाला हात घालून तिनं तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला. मी नको म्हणायला हवं होतं. नरड्याला कोरड पडली होती. सगळा प्यालो.

दुकानात रद्दी आहे. पण आधी पुढच्या फळीवर तो कार्डांच्या वह्या मांडायचा, ती फळी रिकामी. पुण्याची, नाशिकची पोरं खास येत होती त्याच्याकडं. म्हातारपणी त्याला तोच एक शौक होता. गिऱ्हाईक आलं की कार्डाची गोष्ट सांगायचा — हे कुठल्या बंगल्यात निघालं, हे कुठल्या पोरानं जपलं.

सांडूच्या डोळ्यांवर नवा चष्मा. "भामानं नेलं जबरदस्तीनं. डाक्टर म्हनला, नजर ठीक हाय बाबा, नंबर तोच हाय. मी म्हनलं, नाय, नीट तपासा, माझी नजर चुकती. तर दिला त्यानं हा, निस्ता माझ्या समाधानाला." आणि हसला. "तू बरा बोललास त्या दिवशी, कारभारी. नायतर आनखी कुनाला फसवलं असतं म्या."

घरी आलो. अंगात ताप आहे असं वाटलं. पाहिला तर नव्हता.

११ मे

आवडाला सांगितलं.

ज्वारी निवडत होती. सगळं ऐकलं. सूप खाली ठेवलं. मला वाटलं ओरडेल, नाहीतर रडेल.

"मला दसऱ्यालाच दिसलं होतं," म्हणाली. "केर काढताना शिकंज्याखाली दोन पांढऱ्या काड्या होत्या. चिकण्या कागदाच्या. मला वाटलं तुमचंच काही काम."

"मग मार्चमधे बोलली का नाहीस?"

"मार्चमधे तुम्ही खिडकीशी उभे राहिलात तेव्हा जोडलं मी. वाट बघत होते, आता बोलाल, आता बोलाल." मग पदरानं नाक पुसलं. "दोन महिने वाट बघितली. चहाचा कप पुढं केला की मला वाटायचं, आज."

मी सूप ओढून ज्वारी निवडू लागलो.

"आधी सांडूभाऊंना सांगायचं," ती म्हणाली. "जावयाला नंतर. जावई आपला आहे, तो कुठं जात नाही. ज्याला हात जोडायला लावले त्याचं आधी."

१९ मे, रविवार

सांडूला सांगितलं.

तो तराजूवर वर्तमानपत्रं ठेवत होता. मी उभ्यानंच सांगितलं. साफ हा शब्द, पाव सूत, खंडेनवमी, सगळं. तो ठेवतच राहिला. पारडं खाली टेकलं तरी वर एक गठ्ठा ठेवला.

"म्हंजी माझी नजर बरोबर व्हती," शेवटी म्हणाला.

"हो."

"समास जास्त व्हता."

"होता."

चष्मा काढला. घडी करून तराजूच्या पारड्यात ठेवला, रद्दीवर.

"कापलंस, ते जाऊ दे. हात हाय, घसरतो. लई मोठं कायी नाय ते." मग माझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत असं बघितलं नव्हतं. "पन जुनाच दिसतो म्हनलास तवा तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"दोन म्हयने मी मलाच खोटा समजत व्हतो, कारभाऱ्या. भामाला म्हनत व्हतो, आता दुकान आवरावं. आंधळ्यानं धंदा करू नये."

मी वाकलो. त्यानं पाय मागं घेतले.

"पाया नको पडू. जावयाला सांग. जिथं माझं नाव घाण केलं तिथंच लिव म्हनावं. माझ्या पुढं नाय, तिथं. मग ये. चा पिऊ."

भामाबाई आत होती. ह्या वेळी पाणी आलं नाही. बरोबरच आहे.

२६ मे, रविवार

आज बजाजनगर. एकटा गेलो. ज्ञानूला म्हटलं, तूही बस.

सुरुवात चुकलीच. "तुम्ही म्हणाला होता साफ करून ठेवा" — हेच आधी तोंडातून आलं. सवय! मग म्हणालो, "पण ते निमित्त झालं. तुम्हाला कापा म्हणायचं नव्हतं, हे मला कळलं होतं. हात थांबला होता माझा. आणि कट जुना नाही, हेही मला खिडकीशी दिसलं होतं. सांडू निर्दोष आहे."

ज्ञानू तोंडावर हात ठेवून आत गेली. तिच्या रडण्याचा आवाज येत होता.

अंगदरावांनी कपाटातून डबी काढली. खिडकीशी नेऊन तिरकी धरली, सरळ धरली. भिंग लावलं. मला वाटलं आता काही तरी फेकून मारतील. मारलं असतं तर मी तक्रार केली नसती.

"कशानं कापलं?"

"सुरीनं. पट्टी लावून."

"मशीननं नाही? हातानं?"

"हातानं."

"काटकोन बरोबर आहे, मामा. चारही." पुन्हा भिंग लावलं. "किती घेतलं म्हणालात?"

"पाव सूत."

मनातल्या मनात काही हिशेब केल्यासारखे ओठ हलले. मोठ्या मनाचा माणूस. मला लाजवू नये म्हणून कामाचं बोलत राहिला. ओरडला असता तर माझं ओझं कमी झालं असतं, हे त्याला कुठून कळणार.

"लिहितो मी ग्रुपवर," म्हणाले. "जरा वेळ द्या. शब्द नीट लावायला पाहिजेत."

मी हात जोडले. त्यांनी माझे हात धरले. डोळे भरून आले माझे.

३० मे

लिहिलं नसेल अजून. कारखान्यात गडबड असते महिनाअखेर.

२ जून

आवडा म्हणाली, "विचारा की फोन करून." मी म्हटलं, कोणत्या तोंडानं घाई करू? खोटं सांगायला मला क्षण लागला, खरं सांगायला दोन महिने लागले. त्यांना आठवडा लागला तर मी कोण विचारणारा?

४ जून

छावणीवरून जावं लागतं म्हणून बँकेत गेलोच नाही.

७ जून

ज्ञानूला विचारलं. "आबा, त्यांनी टाइप केलं होतं. मी वाचलं. लई चांगलं लिहिलं होतं, तुमचं नावसुद्धा जपून घेतलं होतं. मग पाठवलं नाही. म्हणाले, थांब जरा." तिचा आवाज कसातरीच होता. पुढं काही विचारलं तर म्हणाली, गॅसवर दूध आहे.

माझ्यामुळंच. सासऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून तो भला माणूस अडकून पडलाय. त्यांना सांगायला पाहिजे, माझं नाव खुशाल लिहा, जपू नका. रविवारी येणार आहेत, तेव्हा सांगतो.

९ जून, रविवार

अंगदराव एकटे आले. खिशातून रुमाल काढला. रुमालात तीन कार्डं, आणि कारखान्यातलं बारीक माप घ्यायचं हत्यार.

"मामा, पाव सूत लई झालं होतं, म्हणून सापडलं. पॉइंट दोन मिलिमीटरच्या आत असलं तर अमेरिकेतल्या लोकांना कळत नाही, मी सगळं वाचून काढलंय. ह्या वेळी माप मी धरतो, तुम्ही फक्त सुरी ओढा."

मी विचारलं, सांडूचं लिहिलं का?

"मामा, कापणारा माझ्या घरातलाच आहे हे लिहिलं, तर ही तीन कोण घेईल?"

रुमाल बांधून त्यांच्या हातात परत दिला. त्यांच्यासमोरच ज्ञानूला फोन लावला. म्हटलं, त्या ग्रुपातल्या कुणाचा तरी नंबर दे.

"कशाला, आबा?"

अंगदराव बघत होते. आतून आवडा बाहेर येऊन उभी राहिली.

"मला लिहायचंय," म्हटलं.